मेस्त ते पात्रांव : छोट्या दुरुस्ती व्यवसायाची व्यवस्था

गोव्यात कुशल कारागिरास 'मेस्त' म्हणतात व मालकास 'पात्रांव'. दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेतून आले आणि बोलण्यात मुरले. डिचोली व पेडणे तालुक्यांतील गॅरेजे, पंपदुरुस्तीची दुकाने, वायरिंगची व शीतयंत्रांची कामे करणारे छोटे व्यवसाय पाहिले, तर बहुतेक ठिकाणी मेस्त आणि पात्रांव ही एकच व्यक्ती असते. तिचा हात कामात तरबेज असतो. परंतु दोन-तीन माणसे हाताखाली आली की पूर्वी कधी न भेटलेल्या अडचणी उभ्या राहतात. त्या अडचणींचे स्वरूप समजून घेणे हा या पाठाचा विषय होय.

प्रथम एक हिशेब पाहू. समजा, एका गॅरेजात मालक व दोन कामगार आहेत. कामगारांचे मासिक वेतन ३६,००० रुपये, जागेचे भाडे ९,०००, वीज व किरकोळ खर्च ५,०००, हत्यारांची झीज व कर्जाचा हप्ता ८,००० आणि मालकाने स्वतःसाठी धरलेले वेतन ३०,०००, असा एकूण ८८,००० रुपये खर्च होतो. (मालकाचे वेतन बहुतेक जण धरतच नाहीत; पेटीत उरेल तो आपला, अशी समजूत असते. मग घरातील लग्न आणि दुकानातील जॅक एकाच पेटीतून खरेदी होतात.) महिन्याचे २५ दिवस, दिवसाचे ८ तास, माणसे तीन, म्हणजे ६०० तास झाले. पण या सर्व तासांचे पैसे गिऱ्हाइकाकडून मिळत नाहीत. सुटा भाग आणण्यासाठी म्हापशास गेलेला वेळ, एकाचे काम संपेपर्यंत दुसऱ्याने केलेली प्रतीक्षा, बिघडलेले काम पुन्हा करणे, यांत सहज एक तृतीयांश वेळ जातो. उरलेल्या ४०० तासांवर खर्च वाटला, तर तासाला २२० रुपये पडतात. मजुरीचा दर याहून कमी असेल, तर काम जितके अधिक तितकी झीज अधिक.

आता मालकाने अर्धा दिवस पाना खाली ठेवून व्यवस्थेस द्यावयाचे ठरविले, तर उपलब्ध तास ५०० होतात. वाया जाणाऱ्या वेळेचे प्रमाण तेच राहिले, तर पैसे मिळवून देणारे तास सुमारे ३३३ उरतात आणि तासाचा खर्च २६४ रुपयांवर चढतो. कारागिरास जी भीती वाटते, ती हीच; आणि ती निराधार नाही. मात्र त्या अर्ध्या दिवसात त्याने दुसऱ्या दिवशीची कामे लावली, लागणारे भाग आदल्या संध्याकाळी मागविले व काम देण्यापूर्वी तपासले, आणि त्यामुळे वाया जाणारा वेळ एक तृतीयांशावरून एक पंचमांशावर आला, तर ५०० तासांतून पुन्हा ४०० तासच मिळतात. दर २२० रुपयेच राहतो. याचा अर्थ, केवळ खुर्चीत बसल्याने कोणी व्यवस्थापक होत नाही. वाया जाणारा वेळ त्याने परत मिळविला, तरच त्याचे हात मोकळे होणे परवडते.

सर्वांत अवघड गोष्ट हिशेबाची नसून हाताची आहे. शिकाऊ मुलगा क्लच बसविताना चाचपडू लागला की मालक त्याच्या हातातील पाना काढून घेतो आणि दहा मिनिटांत काम पुरे करतो. त्या दिवशी दहा मिनिटे वाचतात. परंतु मुलगा पुढच्या वेळीही तेथेच अडतो. कोणते काम कोणी स्वतःच्या जबाबदारीवर करावे, कोणते दाखवून करावे व कोणते मालकानेच करावे, हे आधी सांगून ठेवले, तर असे प्रसंग कमी होतात. ब्रेकसारखे जिवाशी संबंध असलेले काम मालकाने तपासल्याशिवाय वाहन बाहेर जाऊ नये. कामगाराच्या चुकीबद्दल गिऱ्हाइकासमोर उत्तर मालकाने द्यावे. कामगाराशी बोलणे नंतर, एकांतात.

जुन्या मेस्तांची परंपरा कानावर व स्पर्शावर चालत असे. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारी माणसे आजही आहेत. परंतु १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा सहाच्या मानकांची वाहने आली, आणि त्यांतील दोष पुष्कळदा तपासणी यंत्र लावल्यावाचून कळत नाही. डिचोली व पेडणे येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकून आलेला मुलगा येथे मालकाहून पुढे असू शकतो. ते मान्य करणे हेही व्यवस्थेचेच काम आहे.

मालकाने मान वर करून पाहणे का आवश्यक आहे, हे डिचोली तालुक्याने फार मोठी किंमत देऊन अनुभवले. खनिजवाहू ट्रकांवर अनेक गॅरेजांचा संसार चालत असे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले व ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वार्षिक २ कोटी टनांच्या मर्यादेत ती उठली. पण फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यास काम पुन्हा थांबले. लिलावानंतर डिचोली पट्ट्यातील उत्खनन २०२४ मध्ये सुरू झाले. ट्रक उभे राहिले तेव्हा काम तर गेलेच, शिवाय 'ट्रिपांचे पैसे आले की देतो' या बोलीवर दिलेली उधारीही अडकली. उत्तम मेस्त असूनही हे संकट टळणारे नव्हते. परंतु एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाकडे उलाढालीचा किती हिस्सा आहे आणि कोणाकडे किती येणे आहे, हे दरमहा वहीत पाहणाऱ्यास धोका निदान आधी दिसतो.

पेडण्यात चित्र निराळे आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. टॅक्सी व भाड्याच्या दुचाक्यांच्या दुरुस्तीला तेथे मागणी आहे. तथापि हरमल, मोरजी, मांद्रे या किनाऱ्यांचा हंगाम पावसाळ्यात ओसरतो. हंगामातील प्राप्तीतून पावसाळ्याचे वेतन बाजूला ठेवले नाही, तर चतुर्थीच्या तोंडावर शिकविलेला माणूस सोडून जातो, आणि ऑक्टोबरात नव्याने आरंभ करावा लागतो.

नोंदणीविषयी थोडक्यात. सूक्ष्म उद्योगाची 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे. तिच्यासाठी मध्यस्थास पैसे देण्याचे कारण नाही. सेवा देणाऱ्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. येथे उलाढाल म्हणजे नफा नव्हे. गिऱ्हाइकास विकलेल्या सुट्या भागांची किंमतही तीत धरली जाते. वरील उदाहरणातील गॅरेजाची केवळ मजुरीच वर्षाला १० लाख ५६ हजार रुपये होते. तितक्याच किमतीचे भाग विकले गेले, तर मर्यादा ओलांडली जाते, आणि वही न ठेवणाऱ्या मालकास ते नोटीस आल्यावर कळते.