देवद्वारीचे दरबारी शब्द

देवाची पालखी निघते तेव्हा पुढे चोपदार चालतो, वर अबदागीर धरतात, मशाली पाजळतात, नगारखान्यात चौघडा झडतो. चोपदार, अबदागीर, मशाल, नगारा हे सारे शब्द फार्सी-अरबीतून आलेले आहेत. बहमनी, आदिलशाही, मोगल अशा दरबारांचा थाट लोकांनी पाहिला आणि तो आपल्या खऱ्या राजाच्या, देवाच्या, चरणी वाहिला.

याच राजवटींतील घावही विसरता येत नाहीत. अकबराने १५६४ मध्ये उठविलेला जिझिया औरंगजेबाने १६७९ मध्ये पुन्हा बसविला. १६६९ मध्ये काशीविश्वेश्वराचे मंदिर त्याच्या आज्ञेने पाडले गेले. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून राज्यकारभारातील फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही देवळातील हे शब्द टिकले. आम्हांस वाटते, ते कोणी लादले नव्हते, भक्तांनी आपण होऊन उचलले होते, म्हणूनच ते टिकले.

तेव्हा मुलांना हा इतिहास सांगताना आपण जुलूम झाकू नये आणि घेतलेले ऋणही नाकारू नये. एकच बाजू सांगितली, तर पुढची पिढी एक तर भाबडी होईल, नाही तर द्वेष्टी. पालखीपुढे उभे राहताना दोहोंचे भान असावे.