शोषखड्ड्यात पावडर टाकू का?

प्रश्न : आईची केमोथेरपी बार्शीला चालू आहे. झिंक ऑक्साइडने सांडपाण्यातलं औषध नष्ट होतं म्हणतात. शोषखड्ड्यात टाकू का?
– एक वाचक, हुलसूर

उत्तर : नको. टायटॅनियम किंवा झिंक ऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. ते मेथोट्रेक्झेटसारख्या केमोच्या औषधांच्या रेणूंचे तुकडे करतात. तुमच्या खड्ड्यात अंधार, पावडर नुसती गाळात बसेल. शिवाय अर्धवट तुटलेले तुकडेही कधी कधी विषारी निघतात, हे उत्साहात विसरलं जातं.

सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधाचा सुमारे १० ते २० टक्के भाग लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून केमोनंतर निदान ४८ तास संडासात दोनदा पाणी सोडा, आईंचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा. उरलेल्या गोळ्या चुलीत टाकू नका, रुग्णालयात परत द्या. त्या नष्ट करायला १२०० अंशांची भट्टी लागते.