पायथॉन: फंक्शनला वारंवार बोलावणं कधी महाग पडतं?

फंक्शनमुळे प्रोग्राम नीटनेटका होतो. पण तेच फंक्शन लाखो वेळा बोलावलं तर प्रोग्राम रेंगाळतो. असं का होतं, ते आज बघू.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. ७० पानांचा एक पुडा आणि १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. समजा, फळीवरच्या वहीतून मजुरीचा हिशोब करायचा आहे. आपण 'मजुरी' नावाचं फंक्शन लिहिलं: पुडे घ्या, दराने गुणा, उत्तर परत द्या. मग फॉर लूपमध्ये प्रत्येक नोंदीसाठी ते बोलावलं.

काम फक्त एका गुणाकाराचं. पण दरवेळी पायथॉन फंक्शनचं नाव शोधतं, दिलेल्या किमती पॅरामीटरना जोडतं, फ्रेम म्हणजे तात्पुरती जागा तयार करतं आणि उत्तर घेऊन परत येतं. एकेक पुडा घेऊन घर ते फळी चकरा मारण्यासारखंच हे! ओझं काहीच नाही, चालण्यातच दिवस जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायथॉन ३.११ ने ही चक्कर बरीच स्वस्त केली, पण फुकट नाही.

मग उपाय काय?

१. लूप फंक्शनच्या आत न्या. फंक्शनला एकेक नोंद देण्याऐवजी पूर्ण यादी एकदाच द्या. हजार चकरांची एकच चक्कर होते.

२. एका ओळीचं सूत्र असेल तर ते लूपमध्येच थेट लिहा.

३. तयार 'सम' फंक्शन वापरा. त्याची बेरीज आतल्या आत सी भाषेत होते. मात्र 'मॅप'ला आपलं लॅम्डा दिलं, तर प्रत्येक नोंदीला ते लॅम्डा बोलावलं जातंच. तिथे चक्कर वाचत नाही.

४. गणित वापरा. दर सगळ्यांना सारखाच असेल तर आधी पुड्यांची बेरीज करा, मग एकदाच गुणा. पण प्रत्येक नोंदीचे पैसे पूर्ण रुपयात करत असाल, तर दोन्ही उत्तरांत फरक पडू शकतो. मजुराच्या हक्काचा पैसा आहे, वेगापायी हिशोब चुकता कामा नये.

आता महत्त्वाचं. तीनशे नोंदींसाठी यातलं काहीच करू नका, फरक जाणवणारही नाही. कोट्यवधी वेळा बोलावणं होत असेल तेव्हाच हात घाला, आणि आधी मोजा. 'सीप्रोफाइल' कोणतं फंक्शन किती वेळा बोलावलं ते दाखवतं. मात्र मोजणीचाच भार लहान फंक्शनवर जास्त दिसतो, म्हणून 'टाइमइट'ने पुन्हा तपासा.

स्वाध्याय: दहा लाख आकड्यांची यादी करा. फंक्शन दरवेळी बोलावून आणि यादी एकदाच देऊन, दोन्ही वेळा मोजा. उत्तर सारखं आलं का, ते आधी बघा, वेळ नंतर.