जनगणनेतील पूर्वजशोध : चरित्रसाधन आणि त्याच्या मर्यादा

चरित्र व कुलवृत्तांत या दोन्ही लेखनप्रकारांत पूर्वजाची निश्चिती हा मूलभूत प्रश्न होय. त्यासाठी जनगणनेचा आधार घेताना साधनचिकित्सा अपरिहार्य ठरते.

ब्रिटनच्या १८४१ च्या गणनेत प्रथमच देशभर व्यक्तींची नावे नोंदली गेली. तीत पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय सामान्यतः पाचच्या पटीत खाली आणून लिहिले जाई. कुटुंबप्रमुखाशी नाते नमूद होत नसे. १८५१ पासून नाते, पूर्ण वय व जन्मग्राम ही माहिती मिळते. म्हणून १८४१ च्या नोंदीतील 'पस्तीस' हे वय पस्तीस ते एकोणचाळीस असे वाचून १८५१ च्या नोंदीशी ताडून पाहावे लागते. दोन व्यक्ती एका घरात राहत होत्या, एवढ्यावरून त्यांचे नाते ठरविता येत नाही.

भारतातील स्थिती निराळी आहे. १८७२ ची गणना सर्वत्र एकाच वेळी झाली नव्हती. १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी नियमित होऊ लागली. मात्र वर्गीकरणानंतर कुटुंबवार कागद सर्वसाधारणपणे नष्ट केले जात. त्यामुळे छापील अहवालांत जाती, भाषा व व्यवसाय यांचे आकडे आढळतात, व्यक्ती आढळत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यानेही वैयक्तिक नोंदी पाहण्याचा अधिकार कोणास दिलेला नाही. सारांश, मराठी कुलवृत्तांतकारास तीर्थोपाध्यायांच्या वह्या, इनामाचे कागद व घरातील दप्तर यांवरच मुख्यतः विसंबावे लागते.

परदेशी गेलेल्या व्यक्तींच्या बाबतीतही दशवार्षिक नोंदीतील पोकळी ध्यानात घ्यावयास हवी. पंडिता रमाबाई १८८३ ते १८८६ या काळात इंग्लंडात होत्या. तेथील गणना १८८१ व १८९१ च्या. त्याच वर्षांत आनंदीबाई जोशी अमेरिकेत होत्या. तेथील गणना १८८० व १८९० च्या. दोघींचे हे वास्तव्य कोणत्याही गणनेच्या कक्षेत येत नाही. शिवाय अमेरिकेतील १८९० च्या बहुतेक नोंदी १९२१ च्या आगीनंतर नाहीशा झाल्या.

तात्पर्य, नोंदीचा अभाव हा व्यक्तीच्या अभावाचा पुरावा मानता येत नाही. नोंद कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने केली हे पाहिल्यावाचून तिच्या आधारे वंशावळीचा दुवा जोडणे चरित्रकारास धोक्याचे ठरते.