एलईडी पट्टीसाठी स्थिरदाब वीजपुरवठा संचाची निवड

सुरत शहरातील गोडादरा आणि त्याच्या आसपासची लिंबायत, डिंडोली ही उपनगरे मराठी भाषकांना परकी नाहीत. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून कापड उद्योगात कामासाठी गेलेली अनेक कुटुंबे तेथे स्थायिक झाली आहेत. साड्यांना खडे चिकटविणे, लेस लावणे अशी कामे स्त्रिया घरी बसून करतात. अशा बारीक कामास भरपूर उजेड लागतो. त्यासाठी, तसेच गणेशोत्सवातील मखरासाठी, एलईडी दिव्यांची पट्टी आता सर्रास वापरली जाते. पट्टी घेताना रंग व किंमत पाहिली जाते. तिला वीज पुरविणाऱ्या डबीकडे मात्र दुर्लक्ष होते. वास्तविक पट्टी किती काळ टिकेल आणि शेजारी ठेवलेला साड्यांचा गठ्ठा सुरक्षित राहील की नाही, हे बव्हंशी त्या डबीवर अवलंबून असते.

दाब स्थिर का हवा?

घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची व प्रत्यावर्ती असते. पट्टीस मात्र १२ किंवा २४ व्होल्ट दाबाची एकदिश वीज लागते. हा पालट करून दाब कायम राखणाऱ्या उपकरणास स्थिरदाब वीजपुरवठा संच म्हणतात. बाजारात त्यास ॲडॅप्टर, ड्रायव्हर किंवा एसएमपीएस असेही म्हणतात.

१२ व्होल्टच्या पांढऱ्या पट्टीत सामान्यतः तीन-तीन दिवे एका ओळीत जोडून प्रत्येक ओळीस एक रोधक दिलेला असतो. प्रत्येक दिवा सुमारे ३ व्होल्ट घेतो. म्हणजे तीन दिव्यांकडे ९ व्होल्ट जातात व उरलेले ३ व्होल्ट रोधकावर पडतात. आता दाब १४ व्होल्ट झाला असे समजू. दिव्यांचा वाटा फारसा बदलत नाही; वाढलेला जवळजवळ सर्व दाब रोधकावर येतो. तेथे ३ ऐवजी सुमारे ५ व्होल्ट झाल्याने विद्युतप्रवाह दीडपटीहून अधिक होतो. पट्टी प्रथम लखलखते, मग तापते आणि लवकरच निकामी होते. सौर संचाची १२ व्होल्टची बॅटरी भारित होताना तिचा दाब १४ व्होल्टच्या वर जातो. म्हणून पट्टी तिला थेट जोडणे इष्ट नाही. १२ व्होल्टच्या पट्टीस २४ व्होल्टचा संच तर कदापि जोडू नये.

काही एलईडी दिव्यांना, विशेषतः ज्यांत असा रोधक नसतो त्यांना, स्थिरप्रवाह संच लागतो. त्यावर दाबाऐवजी ३५० किंवा ७०० मिलिअँपिअर असा प्रवाहाचा आकडा ठळक असतो. हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

वॅटचा हिशेब

पट्टीच्या वेष्टनावर दर मीटरला लागणारे वॅट दिलेले असतात. समजा, पट्टी १२ व्होल्टची, ९.६ वॅट प्रतिमीटर व ५ मीटर लांब आहे. एकूण भार ४८ वॅट झाला. त्यास १२ ने भागल्यास ४ अँपिअर प्रवाह मिळतो. तथापि संच सतत पूर्ण क्षमतेने राबविणे योग्य नाही; भार क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच असावा. म्हणून ४८ ला ०.८ ने भागावे. उत्तर ६० वॅट, म्हणजे ५ अँपिअरचा संच घ्यावा. याहून मोठा संच घेतल्याने पट्टी जळत नाही, कारण ती आपल्यापुरताच प्रवाह ओढते. लहान संच मात्र तापतो, लुकलुकतो किंवा बंद पडतो.

लांबी आणि २४ व्होल्टचा लाभ

संच व पट्टी यांत अंतर असल्यास तारेतही दाब खर्ची पडतो. ९६ वॅटचा भार ५ मीटर दूर आहे व दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वापरली आहे, असे धरू. जाणारी व येणारी मिळून तार १० मीटर होते. १२ व्होल्टवर प्रवाह ८ अँपिअर असल्याने सुमारे ०.९ व्होल्ट तारेत जातात. ही घट साडेसात टक्क्यांच्या वर आहे. २४ व्होल्टवर प्रवाह निम्मा होतो व घट दोन टक्क्यांच्या आत राहते. म्हणून लांब पट्टीसाठी पट्टी व संच दोन्ही २४ व्होल्टचे घ्यावेत. १२ व्होल्टच्या पाच-पाच मीटरच्या दोन पट्ट्या एकीपुढे एक न जोडता प्रत्येकीस संचापासून स्वतंत्र तार न्यावी. अन्यथा शेवटचे दिवे मंद पडतात.

जागा, दर्जा व सुरक्षितता

कोरड्या खोलीत साधा बंदिस्त संच चालतो. पावसाची झड लागणाऱ्या जागी आयपी ६५ किंवा आयपी ६७ दर्जाचा असावा. संचातील उष्णता बाहेर पडण्यास मोकळी हवा लागते. कापडाचा तंतू व धूळ साचल्यास तो अधिक तापतो. म्हणून संच साड्यांच्या गठ्ठ्यात, गादीखाली किंवा मखराच्या थर्माकोलमागे ठेवू नये. धातूच्या खोक्याच्या संचास अर्थिंग अवश्य द्यावे.

संचावर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह व ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक पाहावा. एलईडी संचासाठी आयएस १५८८५ हे मानक आहे. हा क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर पडताळता येतो. काही पट्ट्या थेट २३० व्होल्टवर चालतात. त्यांना वरील हिशेब लागू नाही. त्या चालू असताना कापणे वा उघड्या टोकास हात लावणे प्राणघातक ठरू शकते. २३० व्होल्टच्या बाजूची जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी.

दाब, वॅट, लांबी आणि जागा या चार गोष्टी याच क्रमाने तपासल्यास निवड चुकत नाही. शिक्षकांनी ओहमचा नियम शिकविताना वरील उदाहरणे फळ्यावर सोडवून घ्यावीत. विद्यार्थी तोच हिशेब घरी आईच्या कामाच्या दिव्यावर करून पाहतील आणि दुकानात जाताना किती वॅटचा संच मागावा, हे तिला सांगू शकतील.