गाठीला रक्त कोठून मिळते?



नववीच्या वर्गात ऊतींचा धडा चालू असताना एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, "सर, कॅन्सरची गाठ जगते कशावर?" प्रश्न छोटा, पण उत्तर सर्वांनी समजून घ्यावे असे आहे.

प्रत्येक पेशीला प्राणवायू रक्तातून मिळतो. तो रक्तवाहिनीपासून साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटरपर्यंतच पोहोचतो. म्हणून नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत, तर गाठ 1-2 मिलिमीटरच्या पुढे फारशी वाढत नाही. या वाहिन्या रोखल्या तर गाठही रोखता येईल, हा विचार अमेरिकेतील शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडला. तेव्हा तो फार थोड्यांना पटला.

प्राणवायू कमी पडला की गाठीतील पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात. जवळच्या रक्तवाहिनीला ते जणू सांगते, 'इकडे फांदी फोड.'

परंतु सर्व काही गाठीच्या हाती नसते. पेशींभोवती कोलेजनसारख्या तंतूंचे जाळे असते. हे जाळे आधार तर देतेच, शिवाय ते कोठारही आहे. व्हीईजीएफचा काही साठा त्यात अडकलेला असतो. गाठीकडे आलेल्या काही पांढऱ्या पेशी एमएमपी-9 हे एन्झाइम सोडतात. ते जाळे कापते आणि साठा मोकळा होतो.

नवल असे की लगामही याच जाळ्यात आहे! कोलेजन-18 चा एक तुकडा, एंडोस्टॅटिन, वाहिन्यांची वाढ रोखतो. फोकमन यांच्याच प्रयोगशाळेने 1997 मध्ये तो शोधला. थ्रॉम्बोस्पॉन्डिन-1 हे प्रथिनही असेच काम करते. ज्या बाजूचे पारडे जड, तसे घडते.

व्हीईजीएफला अडवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध 2004 मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मंजूर झाले. केमोथेरपीसोबत दिल्याने रुग्णांचे आयुष्य काही महिन्यांनी वाढले. पण पुष्कळदा गाठ दुसरी वाट शोधते.

म्हणून पालकांना आमची विनंती : शरीरात कोठेही नवी गाठ जाणवली तर लाजेने किंवा भीतीने लपवू नका. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, पण डॉक्टरांना वेळीच दाखवणे आपल्या हाती आहे.

स्वाध्याय : जखम भरतानाही नव्या रक्तवाहिन्या फुटतात. जखम भरली की ही वाढ थांबते, गाठीत मात्र का थांबत नाही? पाच ओळींत लिहा.