किनारा सरकला की फक्त ओहोटी होती?

समुद्राने किनारा खाल्ला, अशा बातम्या आपण नेहमी वाचतो. पण नक्की किती खाल्ला, हे मोजायचं कसं? तुम्ही म्हणाल, सोपं आहे! एक जुना आणि एक नवा सॅटेलाईट फोटो घ्या, एकावर एक ठेवा, झालं. नेमकी इथेच फसगत होते.

आधी पाणी कसं ओळखतात ते पाहू. निअर इन्फ्रारेड प्रकाश पाणी जवळजवळ सगळा शोषून घेतं. वाळू आणि झाडं तो परावर्तित करतात. म्हणून हिरव्या बँडमधून इन्फ्रारेड वजा करून दोघांच्या बेरजेने भागलं, की उत्तर साधारणपणे पाण्यासाठी धन आणि जमिनीसाठी ऋण येतं. चिन्ह बदलतं ती किनारारेषा.

आता भरती-ओहोटी. लँडसॅट उपग्रह दर १६ दिवसांनी सकाळी साधारण त्याच वेळेला येतो. भरती मात्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. म्हणजे एका फोटोत भरती, तर दुसऱ्यात ओहोटी. समजा, किनाऱ्याचा उतार ५० मीटरला १ मीटर आहे आणि पाण्याच्या पातळीत फरक २ मीटरचा. रेषा १०० मीटर सरकलेली दिसेल! लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे तीन पिक्सेलपेक्षा जास्त. आणि वाळूचा कणही हललेला नाही.

ऋतूंचंही तसंच. कोकणात पावसाळी लाटा वाळू समुद्रात ओढून नेतात आणि पुढच्या शांत महिन्यांत बरीचशी परत आणून टाकतात. म्हणून एकाच ऋतूतले, सारख्या भरतीचे, अनेक वर्षांचे फोटो घ्यायचे आणि लीस्ट स्क्वेअर्सने सरळ रेषा बसवायची. तिचा उतार म्हणजे किनारा वर्षाला किती मीटर सरकतो ते.

एवढा खटाटोप कशाला? पुदुच्चेरीला १९८० च्या दशकात बंदरासाठी समुद्रात बांध घातले. तिथली वाळू वर्षाच्या हिशोबाने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. ती अडली, दक्षिणेला साचली आणि उत्तरेला शहराचा किनारा गेला. फक्त उत्तरेचा फोटो पाहणारा म्हणेल, भिंत बांधा. भिंत बांधली, तर धूप आणखी उत्तरेच्या कोळीवस्त्यांकडे सरकली.

आपली रेषा चुकली तर असाइनमेंटचे दोन मार्क जातात. तिथे कुणाचं तरी घर जातं.